मी दुःखाने पडलो नाही

९ नोव्हेंबर

ठकी,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. त्या जागी मी आधी एक दुरुस्ती लिहितो. तुझ्या नवऱ्याच्या शोकसभेत मी पडलो हे खरे. दुःखाने पडलो हे खोटे.

तुझे पत्र काल आले. इतक्या वर्षांनी तुझे अक्षर पाहिले, अजून तसेच उजवीकडे कललेले. तू लिहितेस, "दादा, तुला सोसलं नाही हे कळलं आणि मी पोटभर रडले. यांनाही वर कुठेतरी कळलं असेल." वर काही कळत नसते. कळत असते तर त्याने तिथून माझ्या चुका काढून पाठवल्या असत्या.

पुढे लिहितेस, "आता राग कुणावर धरायचा? लेक सासरी, मी एकटी, तू एकटा. इकडे राहायला ये." एवढ्या एका ओळीसाठी मी कागद घेऊन बसलो आहे, नाहीतर उत्तर दिले नसते. माझ्या पडण्याचा लोकांनी अर्थ लावला, आणि तो अर्थ तुझ्या घरी कुणी पोचवला तेही मला ठाऊक आहे. बाइंडरने. चाळीस वर्षे पुस्तके शिवली, पण स्वतःचे तोंड शिवायला त्याला दोरा मिळाला नाही.

तुला माहीत आहे ते सगळे पुन्हा सांगणार आहे. राग आला की मला पहिल्यापासूनच सांगावे लागते.

आमच्या छापखान्यात दोनच जाती होत्या. उभ्याने काम करणारे आणि बसून काम करणारे. मी कंपॉझिटर. शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांनी, भरलेली केस समोर, हातात ओळ धरायची स्टिक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायांवर. एकेक अक्षर उचलून ओळ जुळवायची. शाळा सातवीत सुटली, पण माणसाने आयुष्यभरात वाचू नयेत इतकी पुस्तके मी उलटी वाचली. तुझा नवरा प्रूफरीडर. खिडकीजवळ टेबल, पाठीला उशी, हातात लाल पेन्सिल. आम्ही उभे राहून करायचे आणि त्याने बसून खोडायचे. आम्ही त्याला 'बैठक' म्हणत असू. तू त्याच्याशी लग्न केलेस तेव्हा कंपोझच्या खोलीत मला लोक म्हणाले, "काय रे, बहीण दिलीस ती बैठकीत बसवलीस?" ते मी गिळले.

पुढचे गिळले नाही. खिळे भंगारात गेले, संगणक आले आणि मालकांनी आम्हाला सांगितले, घरी बसा. ज्यांना कधी बसू दिले नव्हते त्यांना. आम्ही सगळे फाटकाशी उभे राहिलो. कुणी आत जायचे नाही असे ठरले होते, बाइंडिंगवाले आणि मशीनवालेसुद्धा थांबले. तुझा नवरा डबा काखेत धरून आमच्यामधून आत गेला. माझ्या खांद्याला त्याचा खांदा लागला. त्याने वर पाहिले नाही. त्या दिवसापासून मी तुझ्या घराची पायरी चढलो नाही, आणि तू त्याची बाजू घेतलीस म्हणून तुला पत्रही घातले नाही.

आता सभेचे. जुन्या कामगारांनी एक हॉल घेतला होता. पुढे खुर्ची आणि खुर्चीवर त्याचा फोटो. मेल्यावरही बसलेलाच. फोरमन अध्यक्ष. त्याने भाषणात तुझ्या नवऱ्याला शब्दांचा पहारेकरी म्हटले. मी शेजारी बाइंडरला म्हटले, "पहारेकरी कधी बसून पहारा देतो का?" मग फोरमन म्हणाला, सर्वांनी उभे राहून, डोळे मिटून दोन मिनिटे शांतता पाळावी. सगळे उभे राहिले, मी राहिलो. सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. पायाखालची जमीन सरकली असे लोक म्हणतात ते वाईट बातमी ऐकल्यावर. माझी बातमीशिवाय सरकली. मी बाइंडरवर पडलो, बाइंडर चहाच्या टेबलावर पडला आणि कपबशांनी शांतता मोडली.

जमिनीवर पडल्या पडल्या मी सगळे ऐकत होतो. माणूस आडवा झाला की बहिराही झाला असे लोक धरून चालतात. मशीनमन म्हणाला, "जीव होता हो मेव्हण्यावर. दाखवत नव्हता." आणखी कुणी म्हणाले, "वरून फणस, वरून फणस." मला उठून सांगायचे होते की आतूनही फणसच आहे, पण तोंडात कुणीतरी साखर कोंबली होती.

ठकी, मी तोंडाला साबण लावतो तेव्हाही पडतो. न्हाणीघरात दोनदा पडलो. मग काय साबणाच्या दुःखाने पडलो? सूनबाईने पाठवलेला तो साबण तेलकट आहे, जमिनीवर ओघळतो, असा माझा अंदाज आहे. तिला कळवले तर तिने रबरी चटई पाठवली. चटईवरही पडलो.

तू विचारशील, मग सभेला गेलासच कशाला? बाइंडरने ओढून नेले. शिवाय कोण कोण अजून जिवंत आहे ते पाहायचे होते. फार कुणी नाही.

तेव्हा तुझे रडणे परत घे आणि बोलावणेही. मी नसलेल्या दुःखाच्या जोरावर कुणाच्या घरी राहायला जाणार नाही.

नळ बंद केला का ते पाहून येतो आणि मग पाकीट चिकटवतो. पाहिले. बंद होता.

दादा


१७ नोव्हेंबर

ठकी,

तुझे उत्तर वाचले. तू मला ओळखतेस असे तुला अजून वाटते.

"दादा, तू लहानपणापासून असाच. आईचा हात भाजला तेव्हा तुला ताप आला आणि तू म्हणालास, पाण्यात खेळलो म्हणून आला." मी पाण्यात खेळलो होतो. तू तेव्हा चार वर्षांची होतीस, तुला काय आठवणार. तुला कुणीतरी सांगितले असेल आणि सांगणारेही आपल्या घरातलेच, म्हणजे विश्वास ठेवायला नको असे.

आणि हे काय लिहिले आहेस, की त्या फाटकाच्या दिवशी तो घरी आला आणि जेवला नाही? आम्ही त्या महिन्यात किती वेळा जेवलो नाही ते कुणी लिहून कळवले नाही. आत जाणाऱ्याने एक वेळचे जेवण सोडले म्हणून तो बाहेरचा होत नाही. "ते घाबरले होते, दादा. मला आठवा महिना होता." घाबरलेले सगळेच होते. फरक एवढाच की आम्ही उभे राहून घाबरलो.

तू मागची खोली झाडून ठेवली आहेस म्हणतेस. पुन्हा घाण होऊ दे.

इथे निराळाच त्रास आहे. न्हाणीघरातले पडणे मी बोलता बोलता मुलाला फोनवर सांगून बसलो. आता तो रोज फोन करतो. पूर्वी महिन्यातून एकदा करायचा तेव्हा बरे होते. त्याने एक ठिकाण पाहिले आहे, म्हाताऱ्यांना ठेवतात तसले. "बाबा, प्रत्येक भिंतीला धरायला कठडा आहे. बेल दाबली की माणूस येतो." मी म्हटले, "तुरुंगातही येतो." तो म्हणाला, "या महिनाअखेर मी येतो, आपण ठरवू." आपण म्हणजे तो आणि सूनबाई. मला दुसऱ्या मजल्यावरून उतरवून कठड्याला बांधून गेले की दोघांची झोप लागेल.

म्हणजे एका बाजूने तू आणि एका बाजूने तो, मला उचलायला दोघेही टपलेले. तुला मी दुःखी हवा आहे, त्याला लुळा हवा आहे. मी कसा आहे ते कुणी विचारत नाही.

कसा आहे ते सांगतो. काल मी कपाटाचा दांडा धरून डोळे मिटून पाहिले. दांडा सोडला नाही तोपर्यंत ठीक होते. हात सोडला आणि घामाने डबडबलो. डोळे उघडले तेव्हा कपाट तिरके दिसत होते. कपाट तिरके नव्हते. साबण हातात नव्हता, चटई पायाखाली नव्हती. मग रात्रभर एकच विचार, हे डोक्यातले काही असेल तर? गाठ वगैरे? बाइंडरला म्हटले तर तो म्हणतो, "तुझ्या डोक्यात गाठ पडायला आधी दोरा तरी पाहिजे."

आता मी डॉक्टरकडे जाणार आहे. भीती वाटते म्हणून नव्हे. मला लेखी पाहिजे. एका कागदावर डॉक्टरने लिहावे की हा माणूस दुःखाने पडला नाही, आणि खाली सही करावी. तो कागद मी तुला पाठवीन. मग तुझी खोली आणि माझा राग, दोन्ही आपापल्या जागी राहतील.

फोन करू नकोस. माझ्या एका कानात सारखी शिट्टी वाजते, तिच्यातून तुझा आवाज ऐकायची हौस नाही.

दादा


२५ नोव्हेंबर

ठकी,

मी जिंकलो. सविस्तर लिहितो.

डॉक्टर म्हणजे एक मुलगी निघाली. आपल्या घरात असती तर तिला अजून कुणी दूध उतू जातंय का बघ म्हणून बसवले असते. बाइंडर सोबत आला होता, मी बोलावले नसताना. मी तिला म्हटले, "मला तपासू नका. फक्त लिहून द्या की मी दुःखाने पडलो नाही."

ती म्हणाली, "आजोबा, असं सर्टिफिकेट आजवर कुणी मागितलं नाही."

"मी मागतोय."

"मग तपासावं लागेल. बूट काढा."

बूट काढले. मोजे काढले. पाय इतक्या उजेडात मीही बऱ्याच दिवसांनी पाहिले. तिने एक दोन काट्यांची लोखंडी वस्तू हातावर आपटली, ती झणझणू लागली. ती माझ्या मनगटावर ठेवली. "कळतंय?" कळत होते, मधमाशी धरल्यासारखे. मग अंगठ्यावर ठेवली, पायाच्या. "कळतंय?" मी म्हटले, "आधी चालू तर करा." ती चालूच होती. बाइंडरने वाकून कान लावला आणि म्हणाला, "अरे, वाजतेय की रे." घोट्यावर ठेवली, काही नाही. गुडघ्यावर ठेवली तेव्हा कुठे मधमाशी आली. मग तिने मला डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर केला, खाली केला आणि विचारले, वर की खाली? मी ठामपणे उत्तरे दिली. निम्मी चुकली. बाइंडर प्रत्येक चुकीला घसा खाकरत होता. परीक्षेत असा माणूस शेजारी असू नये.

शेवटी म्हणाली, "पाय जुळवून उभे राहा. मी मागे आहे." उभा राहिलो. डोळे उघडे होते तोवर खांबासारखा. "आता मिटा." मिटले. आणि मी गेलो. तिने मागून दोन्ही हातांनी धरले, एवढीशी मुलगी, पण धरले. मी डोळे उघडून म्हटले, "बघा. आता इथे कोण मेलंय?"

तिला हसू आले. मग तिने समजावले. मी लिहून घेतले नाही पण डोक्यात छापले आहे.

माणूस तीन गोष्टींवर उभा असतो. एक डोळे. दुसरा कान, ऐकायचा नव्हे, त्याच्या आत पाणी भरलेल्या बारीक नळ्या असतात, मान कुठे झुकली ते त्या सांगतात. आणि तिसरे पाय, म्हणजे तळव्यांची कातडी आणि घोट्याचे सांधे. भार पुढे गेला की मागे, हे तळवा कळवतो. तिघे मिळून मेंदूला खबर देत असतात आणि मेंदू पोटऱ्यांना ओढ, सोड असे सांगतो. हे सगळे आपल्याला कळायच्या आत होते. ती म्हणाली, "आजोबा, स्थिर कुणीच उभं नसतं. आपण सारखे थोडे थोडे पडत असतो आणि शरीर आपल्याला न विचारता सावरत असतं."

हे मला आवडले नाही. केससमोर मी आयुष्यभर न हलता उभा राहिलो असे मी समजत होतो. हिच्या म्हणण्याप्रमाणे मी आयुष्यभर पडत होतो आणि पोटऱ्या ओव्हरटाइम करत होत्या.

तर माझ्या पायांनी खबर देणे बंद केले आहे. रक्तातल्या साखरेने नसा मेल्या, थोडे शिशानेही असेल. एका कानातही बिघाड आहे, ती शिट्टी त्यातलीच. उरले डोळे. तोंड धुताना मी डोळे मिटतो, म्हणून पडतो. साबणाचा काही दोष नाही. (सूनबाईला हे सांगू नकोस.) "तुम्ही आता डोळ्यांवर उभे आहात," ती म्हणाली. मी विचारले, हे वर चढेल का? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत? ती म्हणाली, साखर सांभाळली तर नाही. मी चार वेळा विचारले. चारही वेळा तिने तेच उत्तर दिले, त्यामुळे मला संशय आला.

बसून तोंड धुवायचे. वाटेत उजेड ठेवायचा. भिंतीला नुसते बोट टेकवून चालायचे. भार टाकायचा नाही, फक्त बोट लागू द्यायचे. तेवढ्यानेही शरीराला आपण कुठे आहोत हे कळते म्हणे. मी करून पाहिले, पडद्याला बोट लावून डोळे मिटले. पडदा काय आधार देणार? पण झुललो कमी. हे मला अजून पटलेले नाही. आणि एकटे राहू नका, असे म्हणाली. ते मी ऐकले नाही. तो कान शिट्टीचा होता.

तेव्हा तुझा आणि फणसवाल्यांचा निकाल लागला. डोळे मिटले, म्हणून पडलो. शरीराचा कारभार आहे, त्यात मनाला कुणी विचारत नाही. कागद मिळाला आहे. तिने लिहिले आहे, पायांतील संवेदना गेल्यामुळे डोळे मिटल्यावर तोल जातो. सही, शिक्का, सगळे आहे. सोबत जोडला आहे.

निघताना बाइंडर तिला काहीतरी बरळला. ते लिहिण्यासारखे नाही.

दादा

ता. क. कागद आत्ता हाताशी नाही. नंतर पाठवीन.


२ डिसेंबर

ठकी,

म्हणजे बाइंडर तुझ्या घरी येऊन गेला. चहा प्यायला असेल, दोनदा. आणि जे मी लिहिले नाही ते सांगून गेला. वर तू मला विचारतेस, "दादा, कागद का नाही पाठवलास?" तुझ्या नवऱ्याचे एवढे तुला बरोबर लागले. कुठे काय गळले ते अचूक दिसते.

बरे, लिहितो. डॉक्टरच्या खोलीत मी कागद घडी करून खिशात ठेवत होतो. बाइंडर म्हणाला, "बाई, सगळं खरं. पण त्या दिवशी सभेत याने डोळे मिटलेच नव्हते."

मी म्हटले, "तुला काय माहीत? तुझे मिटलेले होते."

"माझे कधीच नसतात. शोकसभेत मी आजवर डोळे मिटले नाहीत. कोण कोण घड्याळ बघतं ते बघतो. तू समोर फोटोकडे बघत होतास. डोळे हे एवढे उघडे."

मग त्या मुलीने विचारले, "उघडे होते तर पडलात कसे?"

"पाणी होतं ना त्यात," बाइंडर म्हणाला. "दिसणार काय डोंबल."

मी त्याला तिथल्या तिथे मूर्ख म्हणालो. बसमध्येही म्हणालो. घरी येऊन कागद काढला आणि वाचला. 'डोळे मिटल्यावर.' मी आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे छापले, ते लेखकाच्या नावावर जाई. हे माझ्या नावावर गेले असते. म्हणून कागद टेबलाच्या खणात पडून आहे. मुलगा आला तर त्याला दाखवीन, तुला पाठवणार नाही.

आता नीट वाच आणि ज्यात त्यात पाणी मिसळू नकोस.

खुर्चीवर तो फोटो होता ना, तो त्याचा एकट्याचा नव्हता. तुम्हाला घरात एकट्याचा चांगला फोटो मिळाला नसेल, नाहीतर त्याने कधी काढू दिला नसेल. ग्रुपमधून कापून मोठा केलेला होता. छापखान्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हाचा. मागच्या रांगेला बाकावर उभे केले होते, बाक एका बाजूला डुगडुगत होता आणि फोटोग्राफर ओरडत होता, कुणी हलू नका. मी मागच्या रांगेत होतो. तुझा नवरा माझ्यापुढे, जमिनीवर. उभा. बाक हलला म्हणून मी त्याच्या खांद्याला हात टेकवला. त्याने मान वळवली नाही, फोटो खराब झाला असता. नुसता खांदा थोडा वर केला, हात नीट बसावा म्हणून.

मला कापून टाकले तुम्ही. हात राहिला. तो मोठा केल्यावर केवढा झाला. नखात काळे होते ते दिसत होते. सगळे लोक डोळे मिटून उभे, आणि तो खुर्चीवरून माझ्याकडे बघतोय, माझा हात खांद्यावर घेऊन. कुणी विचारले नाही हा हात कुणाचा. फोरमन त्याच्यावर एवढे बोलला, त्याला हात दिसला नाही.

तो हात प्रेमाने ठेवला नव्हता. बाक डुगडुगत होता म्हणून ठेवला होता. हे मी तुला बजावून सांगतो.

तो भित्रा होता ठकी, आणि भित्राच मेला. माझे मत बदललेले नाही. तू आठवा महिना सांग, न जेवणे सांग, मी वाचतो आणि मत तिथेच राहते. दुसरा कुणी आत गेला असता तर मी त्याला शिव्या घालून विसरून गेलो असतो. मशीनवाल्यांतले दोघे पुढच्या आठवड्यात गेलेच की आत. त्यांच्याशी मी पत्ते खेळतो. याच्याशी खेळलो नाही. इतकी वर्षे रोज सकाळी उठलो की आधी त्याचा राग यायचा आणि मग खोकला. आता तो मेला. सकाळी उठतो आणि राग कुणाचा करायचा ते सुचत नाही. थोडा वेळ नुसता पलंगावर बसून राहतो. हे दुःख असेल तर मला त्याची माहिती नाही, मी सातवीपर्यंतच शिकलो आहे.

सभेत डोळ्यांत पाणी आले. पाणी आले की दिसत नाही. दिसत नाही तेव्हा मी पडतो. एवढाच संबंध. पाण्याच्या मागे काय होते ते त्या मुलीच्या तपासणीत येत नाही, आणि तू डॉक्टर नाहीस.

काल मुलाचा फोन आला. महिनाअखेर जमले नाही म्हणून तो या रविवारी येणार आहे, ती कठड्यांची जागा मला दाखवायला. दाखवायला म्हणतात तेव्हा ठरलेले असते. मी म्हटले, "माझी दुसरीकडे सोय आहे." "कुठे?" "आहे." फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आले. सोय आहे का हे तुला विचारले नव्हते. परत घे म्हणून मीच लिहिले होते. तू घेतलेस की नाही?

दादा


५ डिसेंबर

ठकी,

तुझी चिठ्ठी मिळाली. बाइंडरच्या हाती कशाला पाठवलीस? त्याने वाचली आहे. पाकीट पुन्हा चिकटवले होते, पण खळ त्याची होती, मला ओळखता येते.

येतो. शनिवारी, म्हणजे मुलगा रविवारी आला तर त्याला कुलूप भेटेल. त्याला कळवले आहे. त्याने विचारले, "आत्याकडे? तुम्ही?" मी म्हटले, "का, तिच्याकडे कठडे नाहीत म्हणून?" तुझ्या घरी येऊन पाहून जातो म्हणाला. येऊ दे.

आधीच सांगून ठेवतो. तुझ्या नवऱ्याबद्दल माझ्यासमोर चांगले बोलायचे नाही. वाईट मी बोलेन. तुला ऐकवले नाही तर उठून आत जा, मी थांबणार नाही. मी रडलो असे कुणाला सांगायचे नाही. शेजारणींना आधीच सांगून बसलीस म्हणतेस, ते तसेच राहू दे, आता ते पुसत बसलीस तर आणखी पसरेल. फोटो समोरच्या खोलीत असेल तर असू दे. काढू नकोस. मी त्याच्याकडे पाठ करून बसेन.

सामान एक ट्रंक आणि एक पिशवी. गॅस बंद करीन, नळ बंद करीन, खिडक्या लावीन, मग पुन्हा एकदा वर येऊन पाहीन, तेव्हा पहिली बस चुकेल. पोचायला अंधार पडेल. बाइंडर सोबत येतो म्हणाला. नको म्हटले. येणारच आहे.

तुझ्या इमारतीच्या जिन्यात दिवा नसतो, हे मला तीस वर्षांपूर्वीचे आठवते. आता असेल तर लावून ठेव. नसेल तर दार उघडे ठेव आणि आतला दिवा बाहेर येईल असा ठेव. खाली आणायला येऊ नकोस, हात धरू नकोस, मी भिंतीला बोट लावून येईन. फक्त दारात उभी राहा, म्हणजे दिसशील. अंधारात पडलो तर लोक पुन्हा म्हणतील की याला सोसलं नाही, आणि या वेळी मी पायरीवर पडून ते नाकारत बसणार नाही.

दादा